गांजाची केस: दंड भरून मोकळं व्हावं का, आणि बंदी उठली तर वस्तीचं काय?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक तुमच्या भाच्याचा. एकवीस वर्षांचा पोरगा, पुलाखाली दोन मित्रांबरोबर सापडला, खिशात ४० ग्रॅम गांजा. आणि आता कोर्टाच्या पायऱ्यांवर कोणीतरी सांगतोय, ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.’ दुसरा प्रश्न टोरांटोच्या तुमच्या दिरांनी काढलेला. तिकडे हाच माल दुकानात बिल करून मिळतो, मग आपल्याकडे बंदी कशाला? तुमची धास्ती अशी की बंदी उठली तर वस्तीतली उरलीसुरली पोरंही वाया जातील. मी बावीस वर्षं हेच खटले चालवतोय, बहुतेक आरोपीच्या बाजूने. माझ्या मताला त्या बाजूचा वास येणार, तो धरूनच वाचा.

भाच्याचं आधी, कारण त्याला तारीख आहे. घाईने काही कबूल करू नका.

कुठल्याही सोमवारी शहरातल्या दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून बघा. सेवनाच्या केसची पोरं ओळीने उभी असतात. मागे एकदा एकाच्या शर्टावर अजून मैदा होता, बेकरीतली रात्रपाळी करून तसाच आलेला. नाव पुकारलं, गुन्हा वाचून दाखवला. ‘कबूल आहे?’ ‘हो साहेब.’ दोन मिनिटांत दंड. आईने कमरेचा बटवा काढून नोटा मोजल्या, पावतीची घडी घालून त्याच बटव्यात ठेवली आणि ‘सुटलं एकदाचं’ म्हणत पोराला घेऊन गेली. दोन वर्षांनी तोच पोरगा माझ्याकडे आला. सिक्युरिटीत चांगली नोकरी लागत होती, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत अडकली. ‘पण वकीलसाहेब, मी तर दंड भरला होता ना?’ त्याला वाटत होतं, सिग्नल तोडल्यासारखं असतं हे. दंड ही शिक्षाच असते, आणि कबुलीवर झालेली शिक्षा ही पूर्ण दोषसिद्धी असते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला वेळही कुठे होता, दोनच तर मिनिटं.

आता कागद बघा. गांजाचं १ किलोपर्यंतचं वजन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यात ‘अल्प प्रमाण’ धरतात. जवळ बाळगल्याचं कलम २० लावलं असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढताना सापडला म्हणून कलम २७ असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड तेवढाच. वरवर फरक सहा महिन्यांचा वाटतो. खरा फरक कलम ३३ मध्ये लपलाय. या कायद्यात अठरा वर्षांवरच्या आरोपीला प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका, मिळत नाही. अपवाद कलम २६ आणि २७ चा. आणि प्रोबेशन मिळालं तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ म्हणतं की त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. तेव्हा पोलिसांनी २० लावलंय, २७ लावलंय की दोन्ही, हे सगळ्यात आधी तपासा. पोराची पुढची दहा वर्षं त्या एका आकड्यावर फिरू शकतात.

झडती अंगाची झाली, माल खिशातून निघाला, म्हणजे कलम ५० आलं. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायला लावण्याचा तुला हक्क आहे, हे त्याला आधी सांगायला हवं होतं. कागदावर ते सांगितलेलं असतंच. छापील नमुना असतो, ‘मला हक्क समजावून सांगितला, मला गरज वाटत नाही’, खाली सही. मी असे कागद पाहिलेत की तीन आरोपींच्या तीन कागदांवर अक्षर एक, पेन एक आणि ‘राजपत्रित’मधली चूकही एकच. तुमच्या भाच्याबरोबर दोन मित्र होते म्हणता. तिघांना मिळून एकच सूचनापत्र दिलं असेल तर राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल वकिलांच्या हातात द्या. हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायला हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आणखी एक दार आहे, कलम ६४अ. अल्प प्रमाणातला किंवा सेवनाचा आरोपी व्यसनी असेल आणि सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला स्वतःहून तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. बावीस वर्षांत हे कलम वापरलेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलंय. आणि त्यात एक विचित्र गोम आहे. रोज ओढणाऱ्याला दार उघडं, महिन्यातून एकदा मित्रांत बसणाऱ्याला बंद. तुमचा भाचा दुसऱ्या प्रकारातला असेल तर त्याला खोटं व्यसनी म्हणवून घ्यायला लावू नका, ते कागदही आयुष्यभर मागे राहतात. खरंच रोजचं असेल, तर मात्र हे दार आजच ठोठवा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

लोकांना वाटतं कायदा गांजावर आहे. तो वजनावर आहे. १ किलोपर्यंत वर्षभर. १ ते २० किलोमध्ये दहा वर्षांपर्यंत. २० किलोच्या वर गेलं की ‘व्यावसायिक प्रमाण’, किमान दहा वर्षं, कमाल वीस, शिवाय किमान १ लाख दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. चरसचे आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. भांग या व्याख्येत बसतच नाही, कारण गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोरा सोबत नसेल तर नुसती पानं आणि बिया वगळलेल्या आहेत. म्हणून राजस्थानात जैसलमेरला सरकारमान्य भांगेचं दुकान चालतं, आणि आपल्याकडे भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली अडकते. झाड तेच, नियम राज्याराज्याला वेगळा.

हे वजन करतात कसं, ते मी एकदा सातपुड्याच्या पायथ्याला उभं राहून पाहिलंय. शिरपूरच्या बाजूला तुरीत, कपाशीत, वनजमिनीच्या पट्ट्यांत गांजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यातलाच प्रकार. झाडं मुळासकट उपटलेली, बुंध्याला ओली माती. पंच उन्हात कंटाळलेले. वजनकाटा गावातल्या कापूस व्यापाऱ्याचा. दोरीने बांधलेले भारे एकेक करून काट्यावर चढत होते आणि हवालदार आकडे लिहीत होता. पान, देठ, खोड, माती, सगळं मिळून ‘गांजा’. वाळवून फक्त फुलोरा वेगळा केला असता तर किती भरला असता, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही, आणि तो प्रश्न कोर्टात येईपर्यंत आरोपी वर्षभर आत होता. पानं, देठ, बिया फुलोऱ्यापासून वेगळ्या न करता वजन धरलं या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन दिलाय, त्यामुळे आता निदान बोलायला जागा आहे. लागवडीच्या कलमाला तर वजनाच्या पायऱ्याच नाहीत. दोन झाडं असोत की दोन हजार, दहा वर्षांपर्यंत.

त्या केसमध्ये आरोपी कोण होता? सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. सत्तरीचा म्हातारा, कानाने अधू. शेत कसत होता पुतण्या, आणि बियाणं, खताचे पैसे, ‘माल तयार झाला की गाडी येईल’ हा शब्द देणारा कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. कायद्यात गृहीतकं आरोपीच्या विरुद्ध आहेत. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हाताऱ्यानेच सिद्ध करायचं. पैसे लावणाऱ्याला अडकवणारं २७अ हे कलम याच कायद्यात आहे. त्याखाली कोणी शिरपूरच्या शेतापासून धागा मागे नेलेला मी पाहिला नाही. ओडिशाच्या मलकानगिरी-कोरापुटच्या बाजूने येणाऱ्या ट्रकचंही तेच. पकडला जातो तो ड्रायव्हर आणि क्लीनर.

एक गंमत सांगतो. हीच सातपुड्याची रांग ओलांडली की खंडवा. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातला गांजा तिथे सरकारी देखरेखीखाली पिकायचा, कर भरून विकला जायचा. १८९३-९४ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हेम्प ड्रग्ज कमिशन बसलं, ११९३ साक्षीदार तपासले, आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवं. पुढे १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांवरच्या करारात भारताने बंदी आणायला २५ वर्षांची मुदत मागून घेतली होती. ती संपत आली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून हा कायदा लागू झाला. आजोबांच्या काळात जे परवान्याचं पीक होतं ते नातवाच्या काळात दहा वर्षांची सजा झालं. (नाशिकच्या सिंहस्थात चिलमी ओढणाऱ्या साधूंना कायद्यात सूट आहे का, असं मला दर वेळी विचारतात. नाही. फक्त त्यांच्याकडे वजनकाटा घेऊन कोणी जात नाही.)

वस्तीचं नुकसान मी म्हणतो ते इथे आहे. आपल्या देशात गांजा-भांग-चरस घेणारे किती? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या पाहणीत वर्षभरात घेणारे ३ कोटी १० लाख निघाले, त्यातले सुमारे २ कोटी २० लाख भांगवाले. दारूचा आकडा १६ कोटी. एवढ्या लोकांना पकडणं शक्यच नाही, म्हणजे निवडून पकडणार. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला, ३१ डिसेंबर आला, की आकडे दाखवायचे असतात. बंद फ्लॅटमध्ये बसून ओढणाऱ्यापेक्षा पुलाखालचा सोपा. दारावरची बेल वाजवायला नको.

मग बंदी उठवली की सगळं ठीक? इथे तुमच्या दिरांशी माझं जमत नाही.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर झाला. सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत जवळ ठेवता येतो. दुकानांत पाकिटावर लेबल, वयाची अट, ऑंटारिओत १९ वर्षं. अटका कोसळल्या, हे खरं आणि मोठं. पण जुन्या केसवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी २०१९ मध्ये फुकट माफीचा कायदा आला, अर्ज मात्र ज्याचा त्याने करायचा. सरकारला दहा हजार अर्ज अपेक्षित होते. पहिल्या दोन वर्षांत माफी मिळाली काही शे लोकांना. ज्याला पडताळणीत नाकारलं जातं तो फॉर्म, बोटांचे ठसे, जुन्या पोलीस ठाण्यातले कागद गोळा करत बसत नाही, हे मला इथे बसून कळतं. तिथल्या सरकारला कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने उलटं केलं. १ जानेवारी २०२० ला दुकानं उघडणार, त्याच्या आदल्या दिवशी गव्हर्नरने अकरा हजारांवर लोकांना स्वतःहून माफी दिली, अल्प प्रमाणाच्या जुन्या नोंदी आपोआप पुसायची तरतूद केली आणि कराच्या उत्पन्नातला २५ टक्के हिस्सा ज्या वस्त्यांना जुन्या धाडींची झळ बसली त्यांच्यासाठी राखून ठेवला. दोन्हीकडे ‘लीगल’च म्हणतात. वस्तीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

शेतकऱ्याचं तर आणखी वेगळं. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच केला होता: कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. अर्जावर खूप हसले लोक. मला हसू आलं नाही, पण त्याचं गणित चुकत होतं असं मला वाटतं. गांजाला जो भाव आहे तो बंदीचा भाव आहे. त्यात धाडीची जोखीम, वाटेतले हप्ते आणि तुरुंगाची भीती धरलेली आहे. बंदी उठली की तो भाव राहत नाही.

कॅलिफोर्नियाचं हम्बोल्ट हे उदाहरण मी नेहमी देतो. सत्तरच्या दशकात डोंगरात जाऊन राहिलेल्या कुटुंबांनी तिथे गांजा पिकवायला सुरुवात केली. १९८३ पासून हेलिकॉप्टर घेऊन धाडी पडायच्या, तरी सगळा तालुका त्यावर जगला. शाळेला देणग्या, गावच्या अग्निशमन दलाला मदत, किराणा दुकानाचा गल्ला, सगळं त्याच पैशावर. २०१६ मध्ये मतदानाने प्रौढांसाठी मोकळीक झाली, १ जानेवारी २०१८ ला दुकानं उघडली. मग परवान्याची फी, पाण्याचा परवाना, रस्त्याचा नकाशा, लागवडीवर वजनामागे कर. दक्षिणेकडे मोठ्या कंपन्यांनी एकरच्या एकर हरितगृहं उभी केली. पौंडाला हजार डॉलरच्या वर असलेला घाऊक भाव २०२१-२२ मध्ये काही शे डॉलरवर आला. लागवडीवरचा कर जुलै २०२२ मध्ये रद्द केला, तोवर कितीतरी छोट्यांनी शेत सोडलं होतं. हेलिकॉप्टरला जे जमलं नाही ते बाजाराने चार वर्षांत केलं. आपल्याकडे उद्या परवाने निघाले तर ते शिरपूरच्या पाड्यावर पोचतील की पुण्या-मुंबईच्या कंपनीला मिळतील, याचं उत्तर तुम्हीच द्या. उत्तराखंडने २०१८ पासून धाग्याच्या, नशा नसलेल्या भांगेचे परवाने सुरू केले; बियाण्यातला नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायचा, त्याची तपासणी, सगळा खर्च. डोंगरातल्या अर्ध्या एकरवाल्याला ते झेपणं अवघड.

आणि थायलंड. जून २०२२ मध्ये त्यांनी अमली पदार्थांच्या यादीतून गांजा काढला, नियम नंतर करू म्हणाले. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकानं निघाली. २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही इथपर्यंत मागे आले. त्या तीन वर्षांचा आपल्याशी थेट संबंध आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून ‘हायड्रो’, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला कडक गांजा आणणारी पोरं पकडल्याच्या बातम्या आठवून बघा. फुकट तिकीट, चार दिवसांचं हॉटेल आणि परतीला एक बॅग. त्यातल्या दोघांचे वडील माझ्या ऑफिसात बसून रडलेत.

तुमची धास्तीही खोटी नाही. सोळा-सतराच्या वयात रोज आणि कडक माल ओढणाऱ्या पोरांत पुढे भास, संशय, मन बिघडणं यांचा धोका वाढतो, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात आणि माझ्या काही अशिलांत मी ते पाहिलंय. कॅनडात गांजा घातलेली चॉकलेटं-गोळ्या विकायला आल्यावर लहान मुलांनी खाऊ समजून खाल्ल्याचे आणि दवाखान्यात न्यावं लागल्याचे प्रकार वाढले. वस्तीच्या तोंडावर दारूच्या दुकानाशेजारी आणखी एक पाटी लागावी, असं मलाही वाटत नाही.

म्हणून माझं मत मधलं आहे, आणि ते नवीन नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये केलं तसं. गांजा तिथे आजही कायदेशीर नाही, दुकान नाही. पण २५ ग्रॅमपर्यंत सापडला तर तो फौजदारी गुन्हा नाही. तीन जणांच्या समितीसमोर जायचं, तिथे तुम्हाला उपचाराची गरज आहे की नुसती समज पुरे, ते ठरतं. आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या सेवनासाठीचं अल्प प्रमाण गुन्ह्यातून काढावं, अशी सूचना महसूल विभागाला केल्याचं छापून आलं होतं. पुढे काही हललं नाही. उलट आदल्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळे गुन्हे, अगदी अल्प प्रमाणाचेसुद्धा, अजामीनपात्र ठरवले होते. म्हणजे पुडीसाठीही जामिनाचा अर्ज कोर्टातच. गरीब आईबापांसाठी एका रात्रीचा तो खर्च किती असतो, ते तुम्हाला गेल्या महिन्यात कळलंच आहे.

आता कामाचं. पुढच्या तारखेला जाण्याआधी दोषारोपपत्राची पूर्ण प्रत घ्या. पंचनामा, कलम ५० चं सूचनापत्र आणि प्रयोगशाळेचा सी.ए. (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट हे तीन कागद त्यात आहेत का, ते बघा. रिपोर्ट आला नसेल आणि तरी ‘कबूल करा’ म्हणत असतील, तर ती पुडी गांजाचीच होती हे अजून कोणी सिद्धच केलेलं नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं, अटकेतल्या माणसाला आणि कमी उत्पन्नाच्या घराला वकील फुकट मिळतो.

आणि दिरांना एक निरोप द्या. ते दिवाळीला येतात म्हणालात. टोरांटोच्या दुकानातलं पाकीट, बिलासकट का असेना, सहार विमानतळावर उतरलं की कलम २३ खाली आयात होते, आणि ते बिल पंचनाम्याला जोडलं जातं. त्यांचा मुलगा अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे ना? त्यालाही सांगा, राज्यात दुकान असलं तरी तिथल्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, आणि २०१९ पासून नागरिकत्वाच्या अर्जात ‘मी राज्याच्या कायद्याप्रमाणेच घेतला’ हे उत्तर चालत नाही. वकिलाला विचारल्याशिवाय त्या रकान्यात काहीही लिहू नकोस म्हणावं.